बादलीमागचं तेज

हॉलच्या जिन्यापासून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात साधा, स्वस्तातला मोबाइल होता. भारी फोनला वर बंदी. "महागड्या कॅमेऱ्याला अहंकार असतो," तेजबाबा सांगायचे, "तेज फक्त गरिबाच्या फोनला दिसतं." लोक माना डोलवायचे. आपला फोन स्वस्त असल्याचा अभिमान मी पहिल्यांदाच बघत होते.

रीत ठरलेली होती. आजारी माणसाला खिडकीकडे पाठ करून उभं करायचं. बाबा नातेवाइकाच्या तळहातावर मंतरलेलं तेल घालणार, त्याने ते बोटांना नीट चोळायचं, फोन दोन्ही हातांनी कवटाळून मनातल्या मनात विनवणी करायची आणि मग फोटो काढायचा. आजाऱ्याच्या डोक्याभोवती दुधाळ प्रकाश उमटला, की बाबा जाहीर करायचे, व्याधी बाहेर पडली, औषध बंद. नाहीच उमटला, तर श्रद्धा कमी पडली, अजून तेल चोळा. दुसऱ्या खेपेला हमखास उमटायचा. बायका रडायच्या, पुरुष एकमेकांना फोन दाखवत सुटायचे, आणि खाली दाराशी तेच तेल बाटलीतून विकलं जायचं.

माझी ताई त्या रांगेत माझ्यापुढे उभी होती आणि मला मान वर करायची लाज वाटत होती. कारण हे तेज बाबांना मीच शिकवलं होतं.

माझं पासपोर्ट फोटोचं दुकान आहे. रविवारी वाचनालयाच्या खोलीत मी साध्या मोबाइलवर चांगले फोटो काढायला शिकवते. झूम करू नका, स्वतः पुढे जा. खिडकी माणसाच्या पाठीशी नको, तोंडासमोर हवी. कोपरं अंगाशी घट्ट धरा, म्हणजे हात हलत नाही. आणि सगळ्यात आधी मागचं भिंग पुसा, कारण या फोनांचं भिंग नेमकं बोटं टेकतात तिथेच असतं. एकदा गंमत म्हणून मी भिंगावर तेलकट बोट फिरवलं, एकाला खिडकीला पाठ करून उभं केलं आणि फोटोत त्याच्या डोक्यामागे तेज काढून दाखवलं. वर्ग हसला. शेवटच्या बाकावरचे एक गृहस्थ तेवढे हसले नाहीत. हे दर वेळी जमेल का, असं त्यांनी मन लावून विचारलं. मी म्हटलं, न जमायला काय झालं. असा विद्यार्थी मिळाला म्हणून मी दिवसभर खूश होते. पुढे त्यांनी दाढी वाढवली आणि नाव बदललं.

ताईला काचबिंदू आहे. डोळ्यांतला दाब वाढतो, रोज थेंब घालावे लागतात. थेंब झोंबतात, ती वैतागते. बाबांकडून पहिल्यांदा आली तेव्हा तिने मला आपला फोटो दाखवला. भिंगावरचं तेल मला एका नजरेत कळलं. पण कितीतरी महिन्यांनी ती मनापासून हसत होती. मी "छान आलाय" म्हटलं आणि मूग गिळून बसले. थेंब घालतेस ना, एवढंसुद्धा विचारलं नाही.

आणि त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात चहा पिताना ती बल्बकडे बघत म्हणाली, "आता मला फोटोही लागत नाही गं. दिव्याभोवती नुसत्या डोळ्यांनी रंगीत कडं दिसतं. कृपा मुरली बघ."

डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, दिव्याभोवती कडी दिसली तर दाब चढलाय, तडक या. मी थेंबांची बाटली शोधून काढली. सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं. दवाखान्यात चल म्हणून मी तिच्या हातापाया पडले. बाबांनी सांगितलं तरच येईन, म्हणाली. म्हणून तशाच उठून आम्ही रांगेत आलो.

आमची पाळी आली. मला बघून बाबांचा चेहरा उतरला, पण सवयीने त्यांनी तेल घातलं. मी चोळलं, ताईचा फोटो काढला. तेज उमटलं, लोकांनी हात जोडले. मग मी रुमालाने भिंग घासून पुसलं आणि तिथूनच दुसरा फोटो काढला. ताई होती, खिडकी होती, तेज गेलं. कोपऱ्यात फरशी पुसायची बादली होती. ती मी खिडकीपुढच्या खुर्चीवर ठेवली, भिंगावर तेलकट बोट फिरवलं आणि तिसरा फोटो काढून फोन रांगेत दिला. बादलीभोवती तेच दुधाळ तेज होतं. एक आजोबा फोन लांब धरून म्हणाले, "हिचं काय दुखत होतं?" हॉलभर हसू फुटलं.

"तुम्ही भिंग पुसलं नाहीत, श्रद्धा पुसलीत," बाबा म्हणाले. मग हळूच हसले. "आणि ही विद्या मला दिली कुणी, तेही सांगा की मॅडम."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मीच दिली. आणि ताईचा पहिला फोटो पाहिला तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी बोलले नाही."

लोक आपापले फोन पुसायला लागले. ताईने मात्र आपला फोन पिशवीतून काढलाही नाही.

"मग घरी बल्बभोवती मला दिसतं, तिथे कुठे तेल होतं?" तिने विचारलं.

"तिथे तेल नव्हतं ताई. तो तुझा आजार आहे."

ती माझ्याबरोबर दवाखान्यात आली. डॉक्टरांनी दाब उतरवला. पण डाव्या कडेची नजर गेली ती गेलीच. दाबाने वाळलेली डोळ्याची नस परत येत नाही, म्हणाले. बाहेरच्या बाकावर बसून ताईने विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस. तू हसत होतीस, मी म्हटलं.

"चिडले असते गं. चार दिवस तुझ्याशी बोलले नसते," ती म्हणाली. "एवढंच झालं असतं ना?"



तेव्हा फोटोत काही अजब दिसलं, तर हात जोडण्याआधी भिंग पुसा आणि पुन्हा काढून बघा. डोळ्यांना अजब दिसलं, तर डॉक्टरांना दाखवा. बाबा सांगो की बुवा, औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि खोटेपणा तुम्हाला कळला असेल, तर समोरच्याचं हसू मावळलं तरी तिथल्या तिथे बोला. ताईचा रुसवा मी काढला असता. आता मी तिच्या डाव्या बाजूला बसले, तर मी तिथे आहे हे मला बोलून सांगावं लागतं.