पाव सेकंदाची चूक

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढा मी एक जुना रेकॉर्डर आहे. माझ्या डोक्यावर दोन छोटे माइक आहेत आणि बॅटरीचे झाकण चिकटपट्टीने धरून ठेवलेले आहे. माझ्या जन्माचे फारसे आठवत नाही. कारखान्यात आम्ही शेकडो भावंडे एका पट्ट्यावरून पुढे सरकत होतो, एवढेच. डोळे उघडले ते नारायण पेठेत, राजनंदिनीताईंच्या एडिटिंगच्या खोलीत.

ताई लग्नांचे, व्याख्यानांचे, शाळांच्या स्नेहसंमेलनांचे व्हिडिओ करतात. कॅमेरा लांब उभा असतो, म्हणून आवाज टिपायला मला बोलणाऱ्याजवळ ठेवतात. चित्र कॅमेऱ्यात, आवाज माझ्यात. नंतर ताई संगणकावर दोन्ही एकाखाली एक ठेवून जुळवतात. त्यासाठी सुरुवातीलाच कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. हात एकमेकांवर आपटताना दिसतात तिथे टाळीचा आवाज आणून बसवला, की जुळले. माझा आवाज किती स्वच्छ येतो, हे ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि मी फुशारून जाई.

पण माझ्यात एक खोट होती. माझ्या आतले घड्याळ कॅमेऱ्याच्या घड्याळाबरोबर तंतोतंत चालत नव्हते. तोवरची माझी कामे पाच-सात मिनिटांच्या तुकड्यांची असत, त्यामुळे ते कोणाला कळले नाही. मलाही नाही.

एके दिवशी कात्रजपलीकडून संस्कृती नावाची मुलगी आली. तिच्या आजोबांच्या, सर्जेरावांच्या, घशाचे ऑपरेशन ठरले होते. नंतर आवाज राहणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. आबांचा आवाज घरात राहावा, एवढीच तिची इच्छा होती.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. जिथे त्यांचे कांद्याचे रान होते, तिथेच आता त्यांची इमारत उभी आहे. सर्जेराव चाळीस मिनिटे न थांबता बोलले. शेवटी त्यांनी चष्म्याची डबी खटकन मिटली आणि म्हणाले, "बास. येवढंच हाय आपलं."

ऑपरेशन नीट पार पडले. ते घरी आल्यावर सगळ्यांनी मिळून व्हिडिओ लावला. सर्जेरावांच्या पत्नी यमुनाबाई सगळ्यात पुढे बसल्या. त्यांना बऱ्याच वर्षांपासून कमी ऐकू येते. कानात यंत्र असते, पण अर्धे बोलणे त्या समोरच्याच्या ओठांवरून समजून घेतात. सुरुवातीला त्या हसत होत्या. मग कपाळाला आठ्या पडल्या, आणि थोड्या वेळाने त्यांनी यंत्र काढून पदरात ठेवले. आजी रडते आहे असे वाटून संस्कृतीने काय झाले ते विचारले.

"हे ह्यांचं बोलणं न्हाई," यमुनाबाई म्हणाल्या. "तोंड मागं ऱ्हातंय अन् कानात आधीच येतंय. मला काय बी कळंना."

बाकी कोणाच्या हे ध्यानात आले नव्हते. संस्कृतीने येऊन ताईंना सांगितले. ताईंना आधी वाटले, कानातल्या यंत्राचाच दोष असेल. तरी त्यांनी व्हिडिओचा शेवट काढून पाहिला. चष्म्याची डबी मिटण्याआधीच खटका ऐकू येत होता. फरक जेमतेम पाव सेकंदाचा होता.

चाळीस मिनिटांत माझे घड्याळ तेवढे चुकले होते. ते बोलणे आता पुन्हा टिपता येणार नव्हते. ताईंनी मला हातात घेतले तेव्हा वाटले, आता आपण कचऱ्यात जाणार. पण त्यांनी मला पुन्हा टेबलावर ठेवले.

"चूक माझी आहे," त्या संस्कृतीला म्हणाल्या. "टाळी जुळली म्हणून मी खूश झाले. शेवट बघितलाच नाही."

मग त्यांनी माझा सगळा आवाज अगदी किंचित ताणला, सुरुवातीला टाळीपाशी आणि शेवटी डबीच्या खटक्यापाशी चित्राला चिकटेल इतका. तेवढ्यावर विश्वास न ठेवता लॅपटॉप घेऊन त्या यमुनाबाईंकडे गेल्या. मीही पिशवीत होतोच. यमुनाबाई ओठांवर नजर लावून बसल्या. एका जागी त्यांनी हात वर केला आणि तिथे अजून जरा पुढे-मागे होते आहे, असे सांगितले. तिथला खोकला काढताना ताईंनी चित्रापेक्षा आवाज थोडा जास्त कापला होता. तो सांधा त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त केला.

पुढचे बोलणे यमुनाबाईंनी सलग पाहिले. डेअरीवर आपण सायकलला चार किटल्या लावून दूध नेत असू, असे पडद्यावरचे सर्जेराव म्हणाले, तेव्हा त्या एकदम बोलल्या, "खोटं. तीनच व्हत्या."

शेजारी बसलेल्या सर्जेरावांचे ओठ हलले. आवाज नव्हता. संस्कृतीने लिहायला वही पुढे केली, पण यमुनाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि वही बाजूला सारली.

"चारच म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "म्हणू द्या."

सर्जेराव खांदे हलवून हसत राहिले. त्या घरात आता आबा काय म्हणतात ते सगळ्यांना यमुनाबाईच सांगतात.

मित्रांनो, लांबलचक कामांसाठी ताईंनी नवा रेकॉर्डर आणला आहे. छोटी कामे अजून माझ्याकडे असतात, आणि मी मजेत आहे. तुम्हीही कधी व्हिडिओ कराल, तेव्हा एक टाळी सुरुवातीला वाजवा आणि एक शेवटी. काम झाले की आमच्या बॅटऱ्या काढून ठेवा. आणि ज्यांना कमी ऐकू येते, त्यांच्याशी लांबून ओरडून बोलू नका. उजेडात, त्यांच्यासमोर बसा आणि तुमचे ओठ त्यांना दिसू द्या.