एकशे त्रेचाळीस

कॉम्प्युटरच्या तळाच्या स्टिकरवरचे शेवटचे आकडे घासून गेले होते, पण सुरुवातीची दोन शून्यं ठसठशीत... म्हणजे पहिल्या खेपेचंच मशीन. लहूने त्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. जुन्या सामानाची तीन फ्ली मार्केटं झाली, दोन शाळांच्या अडगळी उपसून झाल्या, आणि दर वेळी मशीन उलटं केलं की नंतरच्या खेपेचा नंबर.

इथल्याच, अमेरिकेतल्या अर्विंग शहरात राहणारा मित्र विवेक या जुन्या कॉम्प्युटरचा एम्युलेटर लिहीत होता — नव्या पीसीच्या पोटात जुनं मशीन जसंच्या तसं चालावं, त्याच्या खोडींसकट. पहिल्या खेपेची चिप मात्र त्याला मिळत नव्हती. तिच्यासाठीच ही शोधाशोध, असं लहू सगळ्यांना सांगे. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं फक्त बायकोला, उपासनाला, ठाऊक होतं.

औरंगाबादच्या कॉलेजात, कुणा देणगीदाराने अमेरिकेहून धाडलेलं, असलंच एक मशीन होतं. चपला बाहेर काढून आत जायचं. चौऱ्याऐंशी सालची प्रॅक्टिकल परीक्षा, बाराचा वर्ग काढणारा चार ओळींचा प्रोग्रॅम, आणि पडद्यावर — १४३. सर हसले होते. लहूला त्यांनी जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेतलेला पाहिलं होतं. "मशीन चुकत नसतं. माणूस चुकतो. आणि तुमच्यातली माणसं तर..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. ते मी पुरं करत बसलोय, तेरा वर्षं... नापास. एक वर्ष पाण्यात. आणि अर्ध्या तासाने त्याच मशीनवर बसलेला श्रीरंग, लहूचाच प्रोग्रॅम घोकून गेलेला, पास! "माझं तर बरोबर आलं, यार." मग दोष आपलाच असणार. बोट चुकलं असेल, दुसरं काय? विवेकच्या एम्युलेटरवर तोच प्रोग्रॅम चालवला तर १४४ आलं आणि आठवडाभर लहूला अन्न गोड लागलं नाही. पण त्यातली चिप नंतरच्या खेपेची होती. तेवढाच एक धागा उरला होता. मी चुकलो होतो की नव्हतो, एकदाचं कळू दे.

आणि हे मशीन शोधलं कुणी, तर श्रीरंगनेच! जर्सी सिटीतल्या आपल्या ऑफिसच्या तळघरात, भंगारात पडलेलं. टॉवेलात गुंडाळून त्याने कुरिअर केलं. असा दोस्त मिळायला नशीब लागतं.

गॅरेजमध्ये पाइनच्या परागांची पिवळी भुकटी सगळीकडे बसली होती. ती पुसून त्याने मशीन टीव्हीला जोडलं. चार ओळी, एक अक्षर विसरला नव्हता. रन.

१४३.

पुन्हा टाइप केल्या. १४३.

"बघ!" मागे उभी असलेली उपासना ओरडलीच. "मी म्हणत नव्हते? तू चुकलाच नव्हतास!"

लहू मोठ्याने हसला, मग डोळे भरून आले, मग पुन्हा हसला. छातीवरचा धोंडा उतरला होता... विवेकला कळवायला हवं, की हे मशीन चुकतं, सगळ्यांना, दर वेळी—

सगळ्यांना.

तो तिथेच अडला. तेच मशीन, त्याच चार ओळी, फक्त अर्ध्या तासाने. म्हणजे तेव्हाही पडद्यावर... आणि सरांनी ते पाहूनही त्याला पास...

फोन वाजला. "काय मग, पोचलं का? चालतंय ना?" श्रीरंगच.

"चालतंय. अगदी तेव्हासारखं." लहूला स्वतःचा आवाज परका वाटला. "श्रीरंग, परीक्षेत तुझं उत्तर किती आलं होतं रे?"

उपासना लहूकडे बघत राहिली.

आणि लहूला, संतापाने कानशिलं तापलेली असतानाच, वाटलं, याने एकशे चव्वेचाळीस म्हणावं. खोटं तर खोटं. पण म्हणावं.