एकेचाळीस खड्डे

"मॅडम, आज नका चढू. वरची वाट ढासळलीय," झाबेरामने तिसऱ्यांदा सांगितलं.

"तेवीस वर्षांत कुठल्या वर्षी ढासळली नव्हती?" नेगी मॅडमनी बुटाची नाडी आवळली. "यंदा रिटायर होतेय. पुन्हा कोण पाठवतंय मला? चल."

झाबेरामने त्यांची पिशवी खांद्याला लावली. दर जूनमध्ये मॅडम खात्यातर्फे सिमल्याहून येत आणि वर तोसच्या झाडांच्या गर्द सावलीतली नागछत्रीची रोपं मोजत. दांडीवर तीन पानं, मधोमध एकच जांभळट फूल. बाकी सगळ्या डोंगरधारांवरची औषधी मुळं लोकांनी केव्हाच खणून विकली होती. ही एवढी जागा मात्र या दोघांनाच ठाऊक होती. एरवी गवत कापणारा, दुसऱ्यांच्या बागेत सफरचंदाच्या पेट्या वाहणारा झाबेराम ते चार दिवस ताठ चालायचा.

अर्ध्या चढावर तो मटकन खाली बसला.

"वर काही नाही, मॅडम."

"खणली? कोणी?"

"मी."

मॅडम त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "काय भाव मिळाला?"

"विकली नाहीत हो!" तो ताडकन उठला. "एप्रिलात खणणाऱ्यांची टोळी पलीकडच्या धारेवर उतरली होती. म्हटलं, आज ना उद्या इथं येणारच. मातीसकट उचलली नि पाठीवरच्या किल्ट्यात घालून घरी नेली. एकेचाळीस. एकाचंही मूळ तुटू दिलं नाही."

"आणि टोळी?"

"आलीच नाही. नाल्याला फार पाणी होतं, तिथूनच परत फिरली."

खाली उतरल्यावर त्याने मॅडमना घरामागचा वाफा दाखवला. चार काठ्यांवर बायकोचा, खिमीचा, अंगावर घ्यायचा लोकरी पट्टू ताणून सावली केली होती. "मी थंडीत कुडकुडले नि यांच्या रोपांना पट्टू!" खिमी दारातून म्हणाली. मग नवऱ्याचा चेहरा बघून ती चहा ठेवायला आत गेली. पट्टूखाली नुसती ओली माती होती. मॅडमनी बोटांनी उकरलं. मऊ, काळं पडलेलं मूळ हाताला लागलं.

"इथं ऊब जास्त होते रे त्यांना. मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतात." तो मान खाली घालून पुटपुटला. "आणि टोळी आली असती तर?"

मॅडमनी वही काढली, तारीख घातली आणि आकड्याची जागा कोरीच सोडली. खिमीने आणलेला चहा दोघांच्याही पुढ्यात निवून गेला.

पुढच्या जूनमध्ये सिमल्याहून कुणी आलं नाही. झाबेराम एकटाच वर गेला. खड्डे अजून तसेच होते. गुडघे टेकून त्याने एकेका खड्ड्यात तोसचा कुजलेला पाला नि माती भरायला घेतली. मेंढरं घेऊन चाललेल्या गद्दी मेंढपाळाने हाक मारली, "काका, काय हरवलं?"

"काही नाही. तू जा."

दुपार कलली तेव्हा शेवटचा, एकेचाळिसावा खड्डा त्याने तळव्याने हलकेच दाबला. मग ओढ्यावर हात धुतले, विळा उचलला आणि गवताला निघाला.