कौशल्येची हडळ

पडद्यावरची हडळ खदाखदा हसत विहिरीतून वर आली आणि वामनरावांच्या बैठकीत दाटीवाटीने बसलेल्या गल्लीने टाळ्या पिटल्या. जिजाबाईंचे हात मात्र मांडीवरच राहिले.

धंतोलीतल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात जिजाबाई आया होत्या आणि वामनराव कंपाउंडर. गल्लीत टीव्ही एकट्या वामनरावांकडे. त्यातून भुतांच्या मालिकेचा आजचा भाग त्यांच्या पुतण्याने, गिरिधरने लिहिलेला. मग काय विचारता, तिळाएवढी जागा उरली नव्हती.

हाच गिरिधर दिवाळीआधी जिजाबाईंच्या ओट्यावर येऊन बसला होता. "मावशी, मला खरी हकिकत पाहिजे," म्हणाला. भोळसट बाई! थोरल्या बहिणीचं, कौशल्येचं मरण तिने त्याला पहिल्यापासून सांगितलं. पोर आडवं आलं होतं. बैलगाडी दारात जुंपलेली होती. पण सासू म्हणाली, आमच्या घरच्या बाया दवाखान्यात जात नसतात. कौशल्या तडफडून मेली. बाळंतीण मेली की हडळ होऊन परत येते म्हणून त्याच सासूने तिच्या टाचांत खिळे ठोकवले आणि मसणापर्यंत मोहरी फेकवली.

त्यातले खिळे तेवढे टीव्हीवर आले. पांढरी साडी, मोकळे केस, धुक्यातली मेणबत्ती आणि रडवं गाणं, हे सगळं हिंदी सिनेमातून उचललेलं. कौशल्येने जन्मात पांढरं लुगडं नेसलं नव्हतं. आणि सासू? ती बिचारी देवापुढे हात जोडून रडत होती, अन् हडळ तिच्या नरडीला हात घालत होती. शेजारी शोभाताई चिवड्याचे बोकणे भरत ते बघत होत्या. त्या चावण्याच्या आवाजाचीसुद्धा जिजाबाईंना शिसारी आली.

भाग संपला. गिरिधर हसत जवळ आला. "कसं वाटलं, मावशी?"

"सासू काहून रडून राहिली होती गा?"

"अहो, सासूला वाईट दाखवलं तर घरोघरच्या म्हाताऱ्या टीव्ही बंद करतील. लोकांना भूत पाहायचं असतं."

"मंग सासूले भूत कराचं होतं. मेलेल्या पोरीले काहून केलं? किळस येते मले तुझी."

गिरिधरचं हसू मावळलं. वामनराव उगाच टीव्हीवरचं कापड सारखं करू लागले. शोभाताईंनी मात्र चिवडा खाली ठेवला.

"म्हणजे ते तुमची बहीण होती का वं, जिजाबाई?"

"हो. कौशल्या नाव होतं तिचं."

"अगं बाई! मंग ते खरंच येत होती का वं, मेल्यावर?"

सगळ्या बैठकीने कान टवकारले. जिजाबाई भिंतीला धरून उठल्या.

"नाही वं. माहेरी तरी येईल म्हणून मी लय दिवस दाराले कडी नाही लावली. नाही आली."