सदतिसावं नाणं

बाबांना मदतीला बोलावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे मला ठाऊक होतं. तरी बोलावलं. सरकारी नाणेसंग्रहालयात मी एकटी, तीही अजून कायम न झालेली. स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं प्रदर्शन चार वाजता उघडायचं होतं आणि नाणी वर्षवार लावायला दुसरं कोणी मिळेना. बाबांनी टांकसाळीत चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. काम एकच: खराब नाणं बाजूला काढायचं, कात्रीने मधोमध कापायचं आणि वितळायला परत पाठवायचं.

सकाळपासून त्यांनी माझं डोकं खाल्लं. राजाचं तोंड असलेली जुनी तांब्याची नाणी अर्ध्या तासात लागली. मग स्वतंत्र झाल्यावर तांबं परवडेना म्हणून काढलेली अ‍ॅल्युमिनियमची, इतकी हलकी की फुंकरीने टेबलावरून पळायची. मग पोलादाची. मग नोटा, किमतीबरोबर आकारानेही आक्रसत गेलेल्या. प्रत्येक नाण्यापाशी, नोटेपाशी ते थांबायचे. याचा काठ बरोबर नाही, हिची शाई पसरली आहे. हे प्रदर्शन आहे, तपासणी नव्हे, असं मी तीनदा सांगितलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

लहानपणीही हेच. दुकानात सुटे मिळाले की हा माणूस अ‍ॅल्युमिनियमचं प्रत्येक नाणं उलटंपालटं करून बघायचा. मागे रांग खोळंबायची, आई भलतीकडे बघत राहायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दुपारी मी फोन घ्यायला पाच मिनिटं बाहेर गेले. परत येते तो टेबलावर पत्रा कापायची कात्री, आणि तिच्याशेजारी आमच्या प्रदर्शनातलं मुख्य नाणं, दोन तुकड्यांत.

एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला आमचं नवं राष्ट्रचिन्ह. नवी नाणी पाडायच्या पहिल्या दिवशी यंत्रात जुना साचा चुकून राहिला आणि हे त्यातून बाहेर पडलं. साऱ्या देशात उरलेलं एकमेव. खरेदीची वर्षभराची सगळी रक्कम त्यावर गेली होती. दारावर त्याचाच हातभर फोटो लावला होता, आणि संचालक पाहुण्यांना तेच दाखवायला आणणार होते.

मी बाबांना नाही नाही ते बोलले. माझी नोकरी घालवलीत, म्हणाले. प्रदर्शनात कात्री घेऊन कोण येतं, असंही विचारलं. रागाने रडूच फुटलं. त्यांनी शांतपणे खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातला पिवळा पडलेला मेमो माझ्यापुढे ठेवला.

“त्या दिवशी तपासणीला मी होतो,” ते म्हणाले. “सदतीस निसटली. छत्तीस परत आली.”

तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. राजाला दाराबाहेर घालवायचं काम यांचं, आणि यांनीच त्याला बाजारात सोडलं, असं मेमोत लिहिलं होतं. बढती तिथेच अडली ती निवृत्तीपर्यंत. घरात याचा कधी एक शब्द निघाला नव्हता.

“बाबा, हे नापास नाणं नव्हतं. आमच्याकडचं सगळ्यात मोलाचं होतं.”

“माझ्या नावावर होतं गं ते.”

मेमोच्या मागे सदतीस ओळी. छत्तीस ओळींपुढे ‘कापून जमा’ आणि अधिकाऱ्याची सही. शेवटची कोरी. टांकसाळ केव्हाच दुसरीकडे गेली होती, तो अधिकारी वारला होता. बाबांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. “तू सरकारी आहेस ना? मग कर सही.”

खाली संचालकांच्या गाडीचं दार वाजलं. मी चिडूनच पेन उचललं. लिहिलं: कापून जमा. सही केली, हुद्दा घातला, तारीख घातली. बाबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि चष्मा काढून डोळे पुसले.

मग मी दोन्ही तुकडे प्रदर्शनाच्या मधल्या काचपेटीत ठेवले आणि त्यांच्याशेजारी मेमो, मागची बाजू वर करून.

“तो घरी न्यायचाय,” बाबा म्हणाले.

“आता तो संग्रहालयाचा,” मी म्हटलं. “आणि ती कात्री द्या इकडे.”