पाचांच्या पुढचं एक

भर दुपारी, शेजारपाजारच्या बायका दारात बसून मासे साफ करत होत्या, तेव्हा अँसिलने सख्ख्या मामाच्या अंगणात पुईच्या टणक लाकडाची काठी भिरकावली. कोंबड्या फडफडत पळाल्या.

"उचल, मामा! शनिवारी रिंगणात ये. का आजही झिंगलायस?"

एलॉय पायरीवर बसला होता. त्याने आधी आपल्या पायांकडे बघितलं, मग उठला. उजव्या हाताकडे बघितलं, मग हात पुढे गेला. नजर हातावरून हलू न देता त्याने काठी उचलली.

"बघा गं बघा," एक बाई खिदळली, "स्वतःचाच हात शोधतोय! एवढी कशी चढते बाई दुपारची?"

हसा, हसा. हसायला काय जातं? पण ती बया अगदी खरं बोलली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

दहा वर्षं मोरुगा गावच्या काठीयुद्धाच्या रिंगणात एलॉयपुढे कोणी टिकलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला, अकरा दिवस फणफणला. बाराव्या दिवशी ताप उतरला आणि जाताना त्याचं अंग घेऊन गेला. अंग म्हणजे हाडंमांस नव्हे, ते खाटेवर पडलेलंच होतं. पण डोळे मिटले की हात नाहीत, पाय नाहीत, नुसतं डोकं हवेत लटकलेलं. चटका बसला तर कळायचा, ठेच लागली तर कळ यायची, पण पाय वाकलेला आहे की पसरलेला, हे पांघरूण काढून बघावं लागायचं. धरलेली वस्तू हातात आहे की नाही, तेही बघावंच लागायचं.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट कानात गेलं.

"लहानपणी शाळेत ज्ञानेंद्रियं किती शिकवली होती?" बाईंनी विचारलं. "डोळे, कान, नाक, जीभ, कातडी. पाच ना?"

"पाच."

"ती पाच, पोरांना शिकवायला बरी. तोल वेगळा, ऊन-गार वेगळं, दुखणं वेगळं, भूक वेगळी. कोणी नऊ म्हणतं, कोणी वीस. तुमचं जे गेलंय, ते हातपाय कुठे आहेत हे न बघता सांगणारं."

"त्याला नाव काय?"

बाईंनी एक लांबलचक नाव सांगितलं. एलॉयच्या ते दारातून बाहेर पडेपर्यंतही लक्षात राहिलं नाही.

"पण बाई, एक वेगळं मोजायचं ते कशावरून ठरवायचं?"

"मला विचाराल तर, जे गेल्यावर माणूस अडतो ते एक."

माणूस अडला खरा. पण एलॉय हट्टी. सहा महिने अंगणात पडत-झडत तो डोळ्यांनी चालायला शिकला. बघितलं की पाय उचलायचा, बघितलं की चमचा तोंडाशी न्यायचा. उन्हाला पाठ करून उभं राहिलं की भिंतीवरच्या सावलीत दोन्ही हात एकदम दिसतात, हा शोध त्याला तिथेच लागला. बायकोला, व्हर्नाला, तेवढं ठाऊक होतं. बाकी कुणाला सांगायचं नाही, अशी त्याने तिला मेरीमातेची शपथ घातली होती. एकदा त्याने कोंबडीचं पिल्लू उचललं, तेवढ्यात व्हर्नाने आतून हाक मारली आणि त्याने मान वर केली. पुन्हा खाली बघितलं तेव्हा पिल्लू चिरडलं होतं. त्या दिवसापासून तो न बघता कुणाचा हातही हातात घेत नसे.

आणि मग त्याची बहीण इनेज गेली.

अँसिल तिचा एकुलता एक. बाप कधीच पसार झालेला. एलॉयनेच त्याला वाढवला, आठव्या वर्षी त्याच्या हातात काठी दिली. "बघायचं ते समोरच्याकडे, काठीकडे नाही," हा पहिला धडाही त्याचाच. बहिणीच्या शवपेटीला पुढून उजवा खांदा एलॉयने दिला. खड्ड्याशी, पेटी खांद्यावर असतानाच, पाद्री प्रार्थना म्हणू लागला, सगळ्यांचे डोळे मिटले. सवयीने त्याचेही मिटले. दुसऱ्याच क्षणी धाडकन आवाज झाला. पेटी दगडावर आपटून फळी निखळली होती आणि इनेजचा पांढरा हात बाहेर आला होता.

अँसिलने तिथेच त्याच्या तोंडावर थुंकून विचारलं, "आईच्या मातीलासुद्धा पिऊन आलास?"

एलॉयने नुसती थुंकी पुसली. तेव्हापासून भाचा या दारात आला नव्हता. आला तो आज, काठी घेऊन.

"सांग त्याला," व्हर्ना रात्रीच्या भाकरीला पीठ मळता मळता म्हणाली. "अजून वेळ गेली नाही."

"काय सांगू? पाचांतलं एकही गेलं नाही, सहावं गेलं, त्याचं नाव आठवत नाही? तो म्हणेल, मला माहीत आहे त्याचं नाव, रम."

"मग जाऊ नकोस. तो तुला मारून टाकेल."

"मारू दे. पण माझ्या अंगणात तो वर्षभराने आलाय, व्हर्ना. काठी फेकायला का होईना, आला. मी गेलो नाही तर परत येणार नाही."

व्हर्ना पिठावर मुठी आपटत राहिली.

शनिवारी दुपारी चारला रिंगणाभोवती अख्खं मोरुगा लोटलं. ढोल असे कडाडत होते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मधोमध वीतभर खड्डा खणलेला. म्हातारा ड्युमास पंच होता. त्याने दोघांना खड्ड्याशी उभं केलं. "डोक्यातून रक्त आलं की थांबायचं. ज्याचं आलं त्याने इथे वाकून ते मातीला द्यायचं. मग गळाभेट. समजलं?"

अँसिलने मामाकडे बघितलंही नाही.

पहिलाच वार एलॉयच्या बोटांवर बसला. काटकी मोडल्यासारखा आवाज आला, कळ डोक्यात गेली. त्याने उजव्या हाताकडे बघितलं ते काठी मुठीत आहे एवढंच. मग डावीकडे मारायचं म्हणून त्याने डावीकडे बघितलं, आणि अँसिलची काठी तिथे आधीच हजर. पुन्हा खाली बघितलं, खालून वार केला, तोही अडला. बदल्यात गुडघ्यावर एक, बरगडीवर दोन, कानावर एक बसला. कान फाटून लोंबू लागला. मान रक्ताने भिजली.

"कान तो कान, डोकं नव्हे!" ड्युमास ओरडला. "चालू द्या!"

अँसिलने आता दात काढले. "मामा, तुझे डोळे चहाडखोर आहेत रे! मारायच्या आधी मला सांगतात." मग त्याने घाई केली नाही. डोक्यावर मारलं की खेळ संपला असता. त्याला संपवायचाच नव्हता. मांडीवर मारलं, तिथेच पुन्हा मारलं. पाठीवर असा हाणला की एलॉय गुडघ्यावर आला आणि तोंडातून दाताचा तुकडा बाहेर पडला. "हा आईच्या पेटीचा!" प्रत्येक वाराला तो ओरडत होता. "हा निखळलेल्या फळीचा! हा तिच्या हाताचा!" ओरडताना त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं घाम.

व्हर्ना रिंगणाच्या दोरीला धरून किंचाळत होती. ढोलांपुढे तिचं कोण ऐकतो!

एलॉय उठला तो फरपटत, खड्ड्याला वळसा घालून पश्चिमेच्या बाजूला गेला. सूर्य आता पाठीशी आला. समोर अँसिलचा पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्यावर त्याची स्वतःची सावली. दोन हात, एक काठी, सगळं काळंशार स्पष्ट. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने मान ताठ करून समोरच्याकडे बघितलं.

"अरे, म्हातारा जागा झाला!" गर्दीतून कोणीतरी आरोळी ठोकली.

अँसिलने मामाची नजर शोधली, ती त्याच्याच छातीवर रोखलेली. काठी कुठून येणार ते कळेना. आली ती कोपरावर. मग मनगटावर. मग पोटात असा ठोसा बसला की पोरगं वाकून ओकलं. एलॉयच्या अंगात दहा वर्षं रिंगण गाजवलेला राजा शिरला होता, आणि खरं सांगायचं तर त्यालाही चेव आला होता. भाचा म्हणून हात आखडला नाही. शेवटी दोघांनी एकाच वेळी काठी उगारली. एलॉयची अँसिलच्या टाळूवर बसली, कवटीवरची कातडी उकलली. अँसिलची एलॉयच्या कपाळावर, भुवईपासून भुवईपर्यंत.

"रक्त! दोघांचंही!" ड्युमासने हात वर केले. लोक वेडे झाले.

दोघे धडपडत खड्ड्याशी वाकले. दोघांचं रक्त धारेने एकाच मातीत पडू लागलं. एलॉयच्या दोन्ही डोळ्यांत रक्त गेलं होतं. काही दिसत नव्हतं. शेजारी अँसिल लहान पोरासारखा हुंदके देत होता.

"का पाडलीस रे मामा? एवढंच सांग. का पाडलीस तिला?"

आणि त्याने मामाच्या गळ्यात मिठी मारली.

एलॉयला हवं होतं ते हेच. त्यानेही मिठी मारली. पोराचा घाम, पोराचं रक्त, पोराचा वास नाकात भरला. त्याला वाटलं, आपले हात त्याच्या पाठीवर आहेत, हलके. ढोल कडाडत होते, लोक टाळ्या पिटत होते. कोणी म्हणालं, बघा, शेवटी रक्ताचं नातं! कानाशी अँसिलचे हुंदके थांबले. मग एक घरघर सुरू झाली. एलॉयला वाटलं पोरगं रडून दमलं.

तेवढ्यात दोरीखालून घुसून आलेल्या व्हर्नाचा आवाज अगदी जवळ फुटला. "एलॉय! सोड त्याला! सोड!"

"व्हर्ना, माझे हात कुठे आहेत?"

"त्याच्या गळ्याभोवती!"

"सोडले. सोडले बघ." त्याने जिवाच्या आकांताने बोटं उघडली. "सुटले ना? व्हर्ना, सुटले ना?"

"नाही रे! नाही सुटले!"

तिने एकेक बोट उचकटून काढलं. एक तर चावून काढलं. अँसिल धप्पकन खाली पडला, निळाजांभळा झालेला. ढोल एकेक करत थांबले. त्या शांततेत फक्त त्याच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. गळ्यावर बोटांचे वळ उठले होते.

"मला दिसत नव्हतं," एलॉय गुडघ्यांवर बसून आंधळ्यासारखा सगळीकडे मान फिरवत ओरडत होता. आता लपवायचं कशाला? सगळं गाव ऐकत होतं. "मला दिसलं नाही तर माझे हात मला कळत नाहीत रे! तापात गेलं ते! शप्पथ सांगतो, कळत नाहीत!"

कोणी हसलं नाही. मासे साफ करणारी ती बाईही नाही.

बऱ्याच वेळाने अँसिल कोपरांवर उठला. फाटक्या आवाजात एकच शब्द निघाला.

"पेटी?"

"प्रार्थना चालू होती," एलॉय म्हणाला. "डोळे मिटले होते."

अँसिल सरपटत जवळ आला, कमरेचं फडकं सोडलं आणि मामाच्या डोळ्यांतलं रक्त पुसू लागला. आधी एक डोळा, मग दुसरा. मग त्याने मामाचा हात मनगटाला धरून उचलला, त्याच्या तोंडापुढे आणला.

"हा उजवा," तो म्हणाला.

एलॉयने बघितलं. दोन बोटं मोडून उलटी वळली होती. पहिल्या वारापासून त्याला काहीतरी ठणकत होतं. काय ठणकतंय ते त्याला आत्ता दिसलं.