गोळीपुरतं पाणी

“डोळे मीट, बाळा. जबडा सैल सोड. आता हळूच उघड.” मला चालवणाऱ्या मेहविशताईंचा हा आवाज अजून माझ्या तारांत राहिला आहे.

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, मेंदूतल्या लहरी टिपणारी. लोक मला ईईजी म्हणतात. पौडच्या एका लहान दवाखान्यात, मागच्या खोलीत, फुलाफुलांच्या चादरीखाली असते मी. इथे आले त्या दिवशी मला हळदकुंकू वाहिले होते. मेहविशताई ते पुसत म्हणाल्या, “बटणात गेलं तर प्रत्येकाच्या डोक्यात कुंकूच दिसायचं.”

बिनतेलाच्या केसांत मलम लावून त्या माझ्या तारा चिकटवत. मग पडद्यावर लहरी उमटत. मेंदू म्हणजे भजनाला बसलेली मंडळीच. कुणी मृदंगावर, कुणी टाळांवर, कुणी नुसते ऐकते; ज्याचे त्याचे काम निराळे, म्हणून भजन होते. आकडी येते तेव्हा मात्र सगळे टाळ एकाच ठोक्याला आदळू लागतात, थांबता थांबत नाहीत. त्यात माणूस हरवतो.

मुळशीची जुईली माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा असेच टाळ वाजत होते. तारा लावून घेताना तिने विचारले, “ताई, गणिताचं उत्तर यात दिसंल का?”

“दिसलं असतं तर मी इथं बसले असते का गं?” मेहविशताई म्हणाल्या.

गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या खेपेला तिच्या लहरी शांत होत्या. वर्षभर आकडी आली नाही तर पिरंगुटच्या कॉलेजात एकटीने बसने जायचे, असे ठरले. त्या दिवशी मला वाटले, आपला जन्म सार्थकी लागला.

मग हरतालिका आली. जुईलीने निर्जळी उपास धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूचे महादेव विसर्जन करायला ती धरणाच्या पाण्यात उतरली. तिथेच तिला आकडी आली. पाणी गुडघाभरच होते. बाकीच्या मुली आरती म्हणत होत्या. त्यांनी वळून पाहीपर्यंत सगळे संपले होते.

काही दिवसांनी तिची आई, नलिनीताई, उरलेल्या गोळ्या घेऊन आली आणि माझ्याशेजारच्या खाटेवर बसली.

“पाकिटावर लिवलंय, जेवणानंतर. जेवणच न्हाई, मंग गोळी कशी द्यायची? तिनं इचारलं व्हतं मला. मी म्हनलं, उद्या उपास सुटला की घे.”

मेहविशताईंच्या हातातले मलम तसेच राहिले. “रोज्यात आमच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टर बदलून देतात,” त्या म्हणाल्या. “तुमच्या उपासाचं विचारायचं माझ्या ध्यानातच आलं नाही, ताई.”

“पोरी चांगला नवरा मागत्यात. हिनं मागितलं, माझी आकडी जाऊ दे.” नलिनीताई खाटेची चादर सारखी करत राहिली. “गेली आकडी.”

मित्रांनो, भूगावला आता नवी मशीन आली आहे. माझी एक तार तुटली आहे, मला फारसे कुणी सुरू करत नाही. त्याचे मला दुःख नाही. एवढेच सांगते, की कुणाला आकडी आली तर त्याला कुशीवर वळवा, नाकाला लावायला कांदा-चप्पल शोधत बसू नका. त्याला पाण्याकाठी एकटे सोडू नका. व्रत जरूर करा, पण आधी डॉक्टरांना विचारा. घोटभर पाण्याने देव रुसत नाही. देव म्हणजे आईच; आई कधी रुसते का?

आज पुन्हा हरतालिका आहे. सकाळी नलिनीताई आली होती. ओठ कोरडे, तिचा उपास आहे. तिच्या आळीतली अनुष्का माझ्या ओळखीची. तिच्या लहरीही जुईलीसारख्याच अवखळ, आणि आज तिचाही उपास. तिच्यासाठी गोळ्या घेताना नलिनीताईने मेहविशताईंना पुन्हा विचारले, “गोळीपुरतं पानी चालतंय ना? डॉक्टरांनी सांगितलंय ना तसं?”

“चालतं, ताई. चुकवायचीच नाही. कुणी अडवलं तर माझं नाव सांगा.”

“अडवतंय कोन? तिच्या आईला शबूद दिलाय मी. आज रातची गोळी माज्या हातानं. आन् उद्या पान्यात तिचा हात मी धरनार.”

पिशवीतून तिने एक लहान पेला काढला. त्याच्यावर जुईलीचे नाव कोरलेले होते. पेला पदराने पुसला, गोळ्या त्यात ठेवल्या, माझी घसरलेली चादर नीट केली आणि मुळशीच्या बसकडे चालू लागली.